बडतर्फीविरुद्धचे अपील साहेबांच्या साहेबांकडेच का?

एसटीचा वाहक प्रवाशाशी हुज्जत घालतानाची किंवा महापालिकेचा कर्मचारी चिरीमिरी घेतानाची चित्रफीत फिरू लागली की दोन दिवसांत वाद ठरलेल्या वळणावर येतो. एक बाजू म्हणते, तडकाफडकी घरी बसवा, चौकशा कसल्या करता? दुसरी बाजू, म्हणजे बहुधा संघटना, म्हणते, कारवाई आकसाची आहे, बिनशर्त मागे घ्या. काही महिन्यांनी तोच माणूस पुन्हा कामावर दिसला की पहिल्या बाजूला साटेलोटे दिसते आणि दुसऱ्या बाजूला सत्याचा विजय. दोन्ही बाजू ज्या पायरीकडे ढुंकूनही पाहत नाहीत ती म्हणजे विभागीय अपील, म्हणजे शिक्षेविरुद्ध संस्थेतल्याच वरिष्ठाकडे मागितलेली दाद. माझे म्हणणे सरळ आहे. महामंडळे, महापालिका, वीज कंपन्या, परिवहन उपक्रम अशा स्वायत्त सार्वजनिक संस्थांत शिक्षेविरुद्धचे अपील शिक्षा देणाऱ्या अधिकाऱ्याच्या साखळीतून बाहेर काढले पाहिजे आणि ते ऐकणाऱ्या मंडळात बाहेरची माणसे असली पाहिजेत. यात कर्मचाऱ्याचे जेवढे हित आहे तेवढेच, किंबहुना थोडे जास्तच, त्या संस्थेच्या शिस्तीचे आणि तिच्या सेवेवर जगणाऱ्या लोकांचे आहे.

आधी एक गल्लत दूर करू, कारण निम्मा वाद तिच्यावरच चालतो. निलंबन ही शिक्षा नव्हे. चौकशी चालू असताना कर्मचाऱ्याला साक्षीदारांपासून आणि कागदपत्रांपासून लांब ठेवण्याची ती तात्पुरती सोय आहे. त्या काळात निर्वाह भत्ता द्यावा लागतो. औद्योगिक आस्थापनांतली सर्वसाधारण रीत पहिल्या 90 दिवसांना निम्मे वेतन आणि त्यानंतर विलंब कर्मचाऱ्यामुळे झालेला नसेल तर 75 टक्के अशी. म्हणजे काम न करता जनतेचा पैसा जातो, आणि माणूस निर्दोष असेल तर त्याची अब्रूही जाते. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये अजयकुमार चौधरी खटल्यात सांगितले की तीन महिन्यांत आरोपपत्र दिले नाही तर निलंबन पुढे चालवता येणार नाही. त्यामुळे निलंबित माणूस कामावर परतला याचा अर्थ तो सुटला असा होत नाही. चौकशी सुरूच असते. ‘निलंबन रद्द’ ही बातमी ‘अपील मंजूर’ म्हणून वाचायची आणि मग अपिलाच्या तरतुदीवरच राग काढायचा, हे थांबले तर पुढचे बोलता येईल.

आता अपिलाच्या टेबलापर्यंत जाऊ. प्राथमिक चौकशी, आरोपपत्र, त्यासोबतची जोडपत्रे (दोषारोप, त्यांचा तपशील, कागदपत्रांची यादी, साक्षीदारांची यादी), कर्मचाऱ्याचा खुलासा, चौकशी अधिकारी आणि (संस्थेची बाजू मांडणारा) सादरकर्ता अधिकारी यांच्या नेमणुका, बचाव सहायकाच्या मदतीने उलटतपासणी, चौकशी अहवाल, त्यावर कर्मचाऱ्याचे निवेदन आणि शेवटी शिक्षेचा आदेश, असा क्रम असतो. केंद्राच्या 1965च्या वर्गीकरण, नियंत्रण व अपील नियमांत आणि रेल्वेच्या 1968च्या शिस्त व अपील नियमांत अपिलाला 45 दिवसांची मुदत आहे. महामंडळांचे नियम मुदतीत आणि पायऱ्यांच्या संख्येत थोडे इकडेतिकडे होतात, सांगाडा तोच राहतो. अपील आपल्याच नावाने करायचे, भाषा सभ्य ठेवायची, सगळे मुद्दे एकदाच मांडायचे आणि एक प्रत शिक्षा देणाऱ्या अधिकाऱ्याला द्यायची. तो अधिकारी आपले अभिप्राय जोडून प्रकरण वर पाठवतो.

चुकते ते नेमके इथे. अपीलकर्त्याचा अर्ज शिक्षा देणाऱ्याला दिसतो. शिक्षा देणाऱ्याचे अभिप्राय मात्र अपीलकर्त्याला दिसत नाहीत. त्या अभिप्रायांत आरोपपत्रात नसलेली वाक्ये हळूच येऊन बसतात: ‘सदर कर्मचारी सवयीचा गुन्हेगार आहे’, ‘यापूर्वीही तक्रारी आहेत’. या वाक्यांना उत्तर देण्याची संधीच नसते. मग आस्थापना शाखेतल्या ज्या टेबलावर बडतर्फीच्या आदेशाचा मसुदा तयार झाला, त्याच टेबलावर अपिलाच्या आदेशाचाही मसुदा तयार होतो. वरिष्ठांपुढे शेवटची टिपणी येते आणि सही होते. आदेश दोन ओळींचा असतो: ‘अपिलातील सर्व मुद्दे विचारात घेतले. सक्षम प्राधिकाऱ्याने दिलेली शिक्षा योग्य असल्याने ती कायम करण्यात येत आहे.’ कोणते मुद्दे, कोणता पुरावा, शिक्षा योग्य का, हे कुठेच नाही. नियम तर तीन प्रश्नांची उत्तरे मागतात. कार्यपद्धती पाळली गेली का? निष्कर्षांना पुराव्याचा आधार आहे का? शिक्षा पुरेशी, अपुरी की जास्त आहे? दोन ओळींत या तिन्हींची उत्तरे कशी मावतील?

‘त्यात काय बिघडले, पुढे कोर्ट आहेच की’, हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे आणि तो जाणकार मंडळीही घेतात. पण कोर्ट काय पाहते? सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये बी. सी. चतुर्वेदी खटल्यात स्पष्ट केले की न्यायालयीन पुनर्विलोकन म्हणजे अपील नव्हे. निर्णय कसा घेतला एवढे न्यायालय तपासते. पुरावा पुन्हा तोलत नाही, आणि शिक्षेत हात घालते तो ती सद्सद्विवेकाला धक्का देणारी असेल तरच. त्याच निकालात दुसरेही एक वाक्य आहे, ज्याची आठवण फार कमी लोकांना असते: पुरावा नव्याने तोलण्याचा आणि शिक्षेचा नव्याने विचार करण्याचा शिस्तभंग प्राधिकाऱ्याइतकाच, म्हणजे शिक्षा देणाऱ्याइतकाच, अधिकार अपील प्राधिकाऱ्याला आहे. म्हणजे रिट याचिकेच्या वाटेने, थेट उच्च न्यायालयात, जाणाऱ्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत तथ्यांचा दुसऱ्यांदा विचार करणारा संपूर्ण व्यवस्थेतला एकच माणूस उरतो. तोच दोन ओळी लिहून मोकळा झाला तर दुसरा विचार कधी होतच नाही.

वाहकाचे प्रकरण घेऊन पाहू. हरियाणा राज्य विरुद्ध रतनसिंग या 1977च्या निकालापासून हे ठरलेले आहे की भाडे घेऊन तिकीट न दिल्याच्या आरोपात प्रवाशांना साक्षीला बोलावलेच पाहिजे असे नाही; तपासणी पथकाच्या निरीक्षकाची साक्ष हा ‘काही एक पुरावा’ झाला आणि विभागीय चौकशीला तेवढा पुरतो. व्यवहार पाहता हे रास्तच आहे. नंदुरबारला उतरून गेलेल्या प्रवाशाला सहा महिन्यांनी चौकशीला कोण आणणार? पण म्हणूनच उरलेले कागद कोणीतरी डोळे उघडे ठेवून वाचायला हवेत. पथकाने बस थांबवली तेव्हा रोख मोजली का? वेबिलावरची (वाहकाच्या फेरीच्या हिशेबपत्रावरची) रक्कम, तिकीट यंत्रातली नोंद आणि हातातली रोख यांचा मेळ घातला का? वाहकाने सुरुवातीला स्वतःजवळची खासगी रक्कम वेबिलावर लिहिली होती का? भाडे घेऊन तिकीट दिले नसेल तर रोख जास्त निघायला हवी. रोख बरोबर निघाली, तर प्रवासी तिकिटाविना बसला होता एवढेच सिद्ध होते. तो निष्काळजीपणा झाला, अपहार नव्हे. पहिल्याला वेतनवाढ रोखणे पुरते, दुसऱ्याला बडतर्फी शोभते. एखाद्या माणसाची वीस वर्षांची नोकरी या फरकावर उभी असते, आणि तो फरक रिट न्यायालय शोधत बसत नाही. तो अपिलातच शोधायचा असतो.

महाराष्ट्रात कामगार न्यायालयाची वाट आहे, हे मान्य. 1971च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतली पहिलीच बाब बडतर्फीबद्दल आहे. सूडबुद्धी, खोटे गुंतवणे, नैसर्गिक न्यायाची पायमल्ली, अवाजवी घाई, किरकोळ गैरवर्तनाला धक्कादायक शिक्षा असे सगळे तिच्यात येते. तक्रार 90 दिवसांत करायची. तिथे आधी दोन प्राथमिक मुद्दे निघतात: चौकशी न्याय्य आणि योग्य होती का, आणि निष्कर्ष विकृत, म्हणजे पुराव्याशी विसंगत, आहेत का. चौकशी सदोष ठरली तर संस्थेला न्यायालयात नव्याने पुरावा देण्याची मुभा मिळते. म्हणजे जी चौकशी आगारात महिनाभरात नीट झाली असती ती न्यायालयात वर्षानुवर्षे पुन्हा होते. तोवर तपासणी करणारा निरीक्षक निवृत्त झालेला असतो, कागद गहाळ झालेले असतात. मग पुनर्स्थापनेबरोबर मागील वेतनाचा प्रश्न येतो. औरंगाबादच्या क्रांती कनिष्ठ अध्यापक महाविद्यालयाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितले की बेकायदा बडतर्फी ठरल्यावर पूर्ण मागील वेतन हाच सर्वसाधारण नियम. सार्वजनिक संस्थेत हे वेतन कोण भरतो? तिकीट काढणारा आणि कर भरणारा. ज्या चुका 90 दिवसांत, एका खोलीत, एका फाइलवर दुरुस्त होऊ शकतात त्यांसाठी लोकांनी दहा वर्षांचा पगार का मोजायचा?

स्वायत्त संस्थांचा प्रश्न सरकारी खात्यांपेक्षा वेगळा आहे, आणि तो का वेगळा आहे हे संघटनांच्या भाषणांतही क्वचितच येते. चौकशी आणि बचावाची संधी दिल्याविना बडतर्फ करण्यापासून संरक्षण देणारे संविधानाचे 311वे कलम राज्याच्या वा केंद्राच्या नागरी पदावरच्या माणसाला मिळते. महामंडळाच्या वा सरकारी कंपनीच्या कर्मचाऱ्याला मिळत नाही. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण 1991 पासून आहे, पण तेही राज्य शासनाच्या सेवकांसाठी. एसटीचा चालक त्याच्या दारात जाऊ शकत नाही. या मोकळ्या मैदानात अनेक संस्थांनी ‘स्वायत्तता’ या शब्दाचा अर्थ आपल्या सोयीचा लावला. पश्चिम बंगाल वीज मंडळाचा नियम होता की तीन महिन्यांची नोटीस द्या आणि कायम कर्मचाऱ्याला काढा. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला ‘आठव्या हेन्रीचे कलम’, म्हणजे मनमानी राजाला शोभणारा अधिकार, म्हणत मोडीत काढले. पुढच्याच वर्षी केंद्रीय अंतर्देशीय जलवाहतूक महामंडळाचा तसाच नियम गेला. 1990 मध्ये दिल्ली परिवहन महामंडळाचा गेला. पाच वर्षांत तीन संस्था आणि तिघींचा युक्तिवाद एकच: आम्हाला सेवा चालवायची आहे, हात बांधू नका. न्यायालयाने दर वेळी सांगितले, सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेला खासगी मालकाची लहर परवडत नाही. नियम गेले, पण ती वृत्ती अपिलाच्या फाइलीत टिकून राहिली.

रेल्वेच्या रामचंदर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये या फाइलीकडे बोट दाखवले. 1976च्या 42व्या घटनादुरुस्तीपूर्वी शिक्षा ठरवण्याआधी कर्मचाऱ्याला तिच्याविषयी बोलण्याची दुसरी संधी घटनेनेच दिली होती. ती काढून घेतली गेली. न्यायालय म्हणाले, मग अपिलाचे महत्त्व वाढलेच, कारण शिक्षेवर बोलायची तीच जागा उरली. म्हणून अपील प्राधिकाऱ्याने मन लावून विचार करावा, कारणे द्यावीत, कर्मचाऱ्याचे म्हणणे प्रत्यक्ष ऐकावे. या निकालाला चाळीस वर्षे झाली. इतक्या वर्षांनंतरही अपिलात प्रत्यक्ष सुनावणी हा हक्क म्हणून किती संस्थांच्या नियमांत लिहिलेला आहे?

यापुढची पायरी कोलकात्याच्या ब्रेथवेट कंपनीची. तिथे अध्यक्ष-व्यवस्थापकीय संचालकांनी एका कर्मचाऱ्याला सेवेतून काढले. त्याने नियमाप्रमाणे संचालक मंडळाकडे अपील केले. मंडळाच्या त्या बैठकीचे अध्यक्ष कोण? तेच. अपील फेटाळले गेले. कंपनीचा बचाव होता की दुसरा इलाज नव्हता, मंडळाचे अध्यक्ष तेच आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये तो मानला नाही. मंडळाला दुसऱ्या समितीकडे काम सोपवता आले असते, असे सांगून आदेश रद्द केला. युनायटेड कमर्शियल बँकेच्या 1995च्या प्रकरणात उलट दिशेने तेच झाले होते. अपील ज्या उपमहाव्यवस्थापकाकडे जायचे त्यानेच पहिली शिक्षा दिली, त्यामुळे अपिलाची पायरीच नाहीशी झाली. तोही आदेश टिकला नाही. या दोन्ही ठिकाणी कोणी बेइमान होता असे म्हणण्याची गरज नाही. संस्थेची उतरंड लहान असते, वरच्या दोन-तीन खुर्च्यांवरची माणसे रोज एकत्र बसतात, आणि एकाचा निर्णय दुसऱ्याने फिरवणे म्हणजे सहकाऱ्याचा अपमान करणे असे वाटू लागते.

यावर काही जण म्हणतील की बाहेरच्या माणसाचा प्रयोग महाराष्ट्रात करून झाला आहे आणि तो फसला आहे. हा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. मुंबई सोडून इतर महापालिकांना लागू असलेल्या 1949च्या अधिनियमात शिक्षेविरुद्धचे अपील लगतच्या वरिष्ठाकडे जाते आणि आयुक्तांच्या आदेशाविरुद्धचे अपील स्थायी समितीकडे. समिती निवडून आलेल्यांची, म्हणजे प्रशासनाबाहेरची. अनुभव काय? लाच घेताना सापडलेल्या कर्मचाऱ्याच्या बडतर्फीचे अपील समितीपुढे आले की पुराव्याची चर्चा कमी आणि कोण कोणत्या प्रभागातला याची जास्त, अशी टीका वर्षानुवर्षे होत आली, आणि ती निराधार नव्हती. म्हणजे नुसते ‘बाहेरचे’ असणे पुरत नाही. अपील ऐकणाऱ्याला शिक्षा कायम केल्याने काही गमवावे लागू नये आणि रद्द केल्याने काही मिळू नये. नगरसेवकाला दोन्ही बाजूंनी हिशेब असतो.

पण या तरतुदीचे दुसरे टोक त्याहून वाईट निघाले. मार्च 2022 मध्ये पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर, ठाणे या महापालिकांची मुदत संपली आणि जानेवारी 2026 मध्ये निवडणुका होईपर्यंत तिथे प्रशासक राहिले. प्रशासक म्हणजे आयुक्तच, आणि स्थायी समितीचे अधिकारही त्यांच्याकडेच. आयुक्तांनी दिलेल्या शिक्षेविरुद्ध स्थायी समितीकडे जायचे आणि स्थायी समिती म्हणजे पुन्हा आयुक्त! ब्रेथवेटमध्ये जे एका बैठकीत घडले ती स्थिती कायद्याच्या अक्षरानुसार अनेक शहरांत जवळजवळ चार वर्षे होती. त्या काळात निवडणुका का होत नाहीत यावर रकानेच्या रकाने लिहिले गेले, ते योग्यच होते. सफाई कामगाराच्या अपिलाची खुर्ची नाहीशी झाली यावर कोणी लिहिले?

व्यवस्थापनाची बाजूही नीट ऐकली पाहिजे. विभाग नियंत्रकाला सकाळी सहाची गाडी सहालाच सोडायची असते. दारू पिऊन स्टिअरिंगवर बसलेल्या चालकाला त्याने काढले आणि मुंबईच्या कुठल्याशा मंडळाने चार महिन्यांनी परत पाठवले, तर उद्या आगारात त्याचे ऐकणार कोण? ही भीती खोटी नाही. मात्र कोणता आदेश अपिलात टिकत नाही हे पाहावे. मद्यप्राशनाच्या प्रकरणात वैद्यकीय तपासणी वेळेवर केलेली, अहवालाची प्रत आरोपपत्राला जोडलेली, डॉक्टरांची उलटतपासणी होऊ दिलेली असेल तर कोणते मंडळ तो आदेश फिरवेल? फिरतो तो आदेश, ज्यात ‘तोंडाला वास येत होता’ एवढ्यावर भागवलेले असते, किंवा चौकशी अहवालाची प्रतच दिलेली नसते. अहवालाची प्रत दिलीच पाहिजे हे घटनापीठाने 1993 मध्ये ईसीआयएल (एक सरकारी कंपनी) विरुद्ध करुणाकर खटल्यात ठरवून दिले, आणि तेही सार्वजनिक उपक्रमांसह सर्वांसाठी. तरी ही चूक होते, कारण ती केल्याने वर कोणी विचारत नाही. विचारणारे मंडळ असले तर पुढच्या वेळी आरोपपत्र काळजीपूर्वक लिहिले जाते. चौकशी अधिकाऱ्याचे सर्वांत चांगले प्रशिक्षण म्हणजे त्याचा आदेश कारणांसह परत येणे. शिवाय शिक्षा अपुरी वाटली तर नोटीस देऊन ती वाढवण्याचा अधिकारही अपिलात असतो. आपल्या विभागातला म्हणून सौम्य शिक्षेवर सोडलेला माणूस तिथे सापडू शकतो.

याउलट, प्रकरणागणिक तोलणारी खुर्ची नसली की काय होते हे आपण मोठ्या संपांत पाहिले आहे. मे 1974 च्या रेल्वे संपात चौकशीला फाटा देणारा नियम वापरून माणसे मोठ्या संख्येने काढली गेली. 1977 मध्ये सरकार बदलले, मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपकऱ्यांना परत घेतले गेले. 2021-22च्या एसटी संपात निलंबन आणि बडतर्फीचे आदेश हजारोंनी निघाले. एप्रिल 2022 मध्ये उच्च न्यायालयाने 22 तारखेपर्यंत रुजू व्हायला सांगितले आणि जे आले त्यांना महामंडळाने सामावून घेतले. दोन्ही वेळी माणसे कामावर आली याचा आनंदच आहे. पण सरसकट कारवाई आणि सरसकट माफी यांत गाडीवर दगड मारणारा आणि घरी बसून राहिलेला एकाच मापाने मोजला गेला. शिस्तीचा धडा कोणालाच मिळाला नाही. मिळाला तो एवढाच की संख्या मोठी असली की आदेश कागदावर राहतात. त्याच संपातली एसटीच्या राज्य शासनात विलीनीकरणाची मागणी लोकांनी पगाराची मागणी म्हणून ऐकली. पण विलीनीकरण म्हणजे 311वे कलम, शासनाचे शिस्त व अपील नियम आणि न्यायाधिकरणाचे दारही, हे विसरून चालणार नाही.

इतिहासात थोडे मागे गेले तर पुण्यातच एक जुना दाखला आहे. 1888 मध्ये मध्य विभागाचे कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्यावर लाचखोरीचे आरोप आले. साक्षी मिळवण्यासाठी सरकारने मामलेदारांना अभय दिले: लाच दिल्याचे कबूल करा, तुमच्यावर कारवाई होणार नाही. त्यांनी कबुली दिली. चौकशी आयोगाने क्रॉफर्ड यांना लाचखोरीतून मोकळे केले. हाताखालच्या लोकांकडून कर्जे घेतली म्हणून सरकारने त्यांना नोकरीतून काढले. मग लंडनमध्ये ओरड झाली आणि अभय दिलेल्या मामलेदारांपैकी काहींची नोकरी गेली. टिळकांनी 1889 मध्ये त्यांच्यासाठी पुण्यात सभा घेतली ती याच मुद्द्यावर. ते मामलेदार धुतल्या तांदळासारखे होते असे टिळकांचेही म्हणणे नव्हते. दिलेला शब्द मोडून, वरच्या राजकीय दबावाखाली शिक्षा झाली आणि तिच्याविरुद्ध दाद मागायची जागाच नव्हती, ही तक्रार होती. दोषी माणसालाही नियमाने वागवले जावे, ही मागणी लाचखोरीची तरफदारी ठरत नाही. हे पुण्याला एकशे पस्तीस वर्षांपूर्वी कळले होते.

आणि बाहेरचे अपील व्यवहारात चालत नाही असे कोण म्हणते? महाराष्ट्रातल्या खासगी शाळेच्या शिक्षकाला ते 1977च्या सेवाशर्ती कायद्यापासून मिळाले आहे. बडतर्फी किंवा पदावनतीविरुद्ध 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे जायचे. 1981च्या नियमांप्रमाणे चौकशी समितीही तीन जणांची असते: एक व्यवस्थापनाचा, एक कर्मचाऱ्याच्या पसंतीचा आणि तिसरा पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. शिक्षणसंस्था बंद पडल्या का? दोन वर्गखोल्यांच्या शाळेतल्या शिपायाला जे मिळते ते हजारो कर्मचाऱ्यांच्या महामंडळातल्या यांत्रिकाला नाही, याचे समर्थन कसे करायचे? हां, धोका आहे, आणि तो रिकाम्या खुर्च्यांचा. अमेरिकेत संघराज्य कर्मचाऱ्यांची अपिले ऐकणारे तीन सदस्यांचे मंडळ 1979 पासून आहे. जानेवारी 2017 ते मार्च 2022 या काळात त्याची गणपूर्तीच नव्हती आणि सुमारे 3,800 प्रकरणे साचून राहिली. मंडळ उभारताना पहिला नियम सदस्य निवृत्त होण्याआधी त्याची जागा भरण्याचा हवा.

तर करायचे काय? महसूल विभागनिहाय, म्हणजे सहा ठिकाणी, अनेक संस्थांसाठी एकच अपील मंडळ पुरेल. प्रत्येक महामंडळाचे वेगळे नको, नाहीतर ते पुन्हा त्या संस्थेच्या घरचे होईल. अध्यक्ष निवृत्त जिल्हा न्यायाधीश किंवा औद्योगिक न्यायालयाचे माजी सदस्य. दुसरा सदस्य दुसऱ्या संस्थेतला वरिष्ठ अधिकारी: वीज कंपनीच्या प्रकरणाला परिवहनातला, परिवहनाच्या प्रकरणाला पालिकेतला. तिसरा प्रत्यक्ष कामाचा जाणकार, म्हणजे वेबिल, जॉबकार्ड, मीटर वाचन कळणारा. बडतर्फी, सेवेतून काढणे, सक्तीची निवृत्ती आणि पदावनती एवढीच प्रकरणे त्याच्याकडे. ताकीद आणि वेतनवाढ रोखणे संस्थेतच राहू द्यावे, नाहीतर मंडळ पहिल्या वर्षीच तुंबेल. अपील केले म्हणून शिक्षेला आपोआप स्थगिती नको, आणि ज्याच्यावर रोख रकमेचा वा मद्यप्राशनाचा आरोप आहे त्याला मधल्या काळात त्या कामावर बसवायचे नाही. निर्णय 90 दिवसांत, तिन्ही प्रश्नांवर कारणांसह. दोष कार्यपद्धतीचा असेल तर सुटका न करता दोष घडला त्या टप्प्यापासून पुन्हा चौकशी, आणि तिलाही मुदत. आदेश नावे वगळून प्रसिद्ध व्हावेत, म्हणजे एकाच चुकीला सोलापुरात वेतनवाढ रोखली जाते आणि अमरावतीत नोकरीच जाते का हे दिसेल. सहआरोपींना शिक्षा सारखी असावी हे न्यायालयाने सांगितले आहेच, पण तुलनेला आदेशच हाती नसतील तर ती मागायची कशाच्या आधारे?

प्रशासकीय न्यायाधिकरणाची कक्षा अधिसूचना काढून महामंडळांपर्यंत वाढवता येते; 1985च्या कायद्यात ती सोय आहे आणि काही जण तोच उपाय सुचवतात. त्याने दार मिळेल, पण न्यायाधिकरणही पुनर्विलोकनाच्याच मर्यादेत बसते. रोख मोजली होती का हा प्रश्न तिथेही दुय्यमच राहील. मंडळासाठी कायदा लागेल, महापालिका अधिनियमातले अपिलाचे कलम बदलावे लागेल, एसटीला 1950च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखालच्या विनियमांत शासनाच्या मान्यतेने दुरुस्ती करावी लागेल. याला दोन-तीन वर्षे जातील असे धरू. पण शिक्षा देणाऱ्या अधिकाऱ्याचे अभिप्राय अपीलकर्त्याला द्यायचे, त्याला उत्तरासाठी 15 दिवस द्यायचे, मूळ आदेशाचा मसुदा करणाऱ्या शाखेकडे अपिलाची फाइल द्यायची नाही आणि प्रत्येक अपिलात अर्धा तास माणसाला समोर बसवून ऐकायचे, यासाठी विधिमंडळाची गरज नाही. व्यवस्थापकीय संचालकांच्या सहीचे एक पानी परिपत्रक पुरते, आणि ते येत्या सोमवारीही निघू शकते.